मॉक ड्रिलला साहेब का बसत नाहीत?

पाताळगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

रसायन कारखान्यांच्या सुरक्षा विभागात अठरा वर्षं काढली. गेली सहा वर्षं कंपन्यांच्या वरिष्ठांना, म्हणजे एमडी, प्लांट हेड, एचआर आणि फायनान्सच्या प्रमुखांना, संकटाच्या वेळी काय करायचं याचा सराव देतो. या सहा वर्षांत एक गोष्ट मनात सलते आहे, ती इथे मांडतो. तुमच्या तुमच्या धंद्यात काय दिसतं तेही वाचायला आवडेल.

मागच्या पावसाळ्यातला प्रसंग. रायगड जिल्ह्यातली एक मध्यम कंपनी, नाव सांगत नाही. सकाळी दहाला कॉन्फरन्स रूममध्ये टेबलटॉप ठेवला होता. टेबलटॉपमध्ये हूटर वाजवत नाहीत, कुणाला पळवत नाहीत. सगळे टेबलाभोवती बसतात, मी एकेक चिठ्ठी देतो आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर 'आता तुम्ही काय करणार?' एवढंच विचारतो. पहिली चिठ्ठी अशी होती: 'रात्रीचे दोन दहा. टँक फार्ममध्ये (रसायनांच्या टाक्यांच्या आवारात) सॉल्व्हंटला आग. शिफ्ट इन्चार्जचा फोन आलाय. दोन कंत्राटी कामगार सापडत नाहीत.'

तेवढ्यात एमडींना एक फोन आला. 'तुम्ही सुरू करा' म्हणून ते बाहेर गेले, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत परतले नाहीत. मागे उरले सात जण. शेजारच्या कंपनीला कळवायचं का? साहेबांना विचारावं लागेल. लाइन बंद करायची का? बॅच वाया जाईल, साहेबांना विचारावं लागेल. पोलिसांना आणि तहसीलदारांना आपण सांगायचं का? साहेबांना... पहिल्या चाळीस मिनिटांत हे वाक्य चौदा वेळा आलं. मी वहीत रेघा मारत होतो.

'सापडत नसलेल्या दोघांची नावं काय?' असं मी विचारलं. एचआर प्रमुख बाईंनी खरोखरच ठेकेदाराला फोन लावला, याचं मला कौतुक वाटलं. तो म्हणाला, रजिस्टर गेटवर आहे. गेटवरून रजिस्टर मागवलं, तर त्यात 'ठेकेदाराची माणसं – ११' एवढंच लिहिलेलं. नावंच नाहीत. हेडकाउंट घेणार तरी कुणाचा? इमर्जन्सी फोनच्या यादीतलं तिसरं नाव तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या गृहस्थांचं निघालं. आणि या कंपनीकडे ऑन-साइट आराखडा, म्हणजे कारखान्याच्या आतल्या संकटात काय करायचं त्याचा आराखडा आहे, छान बाइंडिंग केलेला.

मोठ्या प्रमाणात घातक रसायनं ठेवणाऱ्या कारखान्यांना १९८९ च्या नियमांप्रमाणे दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यावीच लागते. ती होते, फोटो निघतात, रेकॉर्ड ठेवलं जातं. पण ड्रिलमध्ये धावतो तो ऑपरेटर, फायरमन, सिक्युरिटीवाला. त्यांचा सराव चांगला असतो, मी स्वतः पाहिलाय. अडतं ते वरच्या मजल्यावर. लाइन बंद करण्याचा, गावाला सांगण्याचा, खर्च मंजूर करण्याचा, कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तो दडपणाखाली एकदाही वापरून पाहिलेला नसतो.

भोपाळचं उदाहरण आपण नेहमी वायूच्या अंगाने सांगतो. मला त्यातला वरिष्ठांचा भाग जास्त अस्वस्थ करतो. १९८२ च्या मे महिन्यात युनियन कार्बाइडच्याच अमेरिकेहून आलेल्या पथकाने प्लांटमधल्या त्रुटी लिहून दिल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी हा पत्रकार स्थानिक वर्तमानपत्रात शहराला सावध करत होता. तरी १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री एमआयसीच्या (मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या) टाकीचं शीतकरण बंद होतं, गळलेला वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरकडे जाणारी पाइप दुरुस्तीसाठी काढलेली होती, आणि वस्तीसाठीचा सायरन थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. लोक घाबरतील म्हणून सायरन थांबवायचा, हा त्या रात्रीचा घोटाळा नव्हता. तशी पद्धतच ठरवलेली होती, आणि ती ठरवणारे लोक खुर्चीत शांत बसलेले होते. ओलं फडकं तोंडावर धरा, एवढं जरी वस्तीला आधी शिकवलं असतं!

म्हणून माझं म्हणणं असं की नेत्यांचं प्रशिक्षण म्हणजे व्याख्यान नव्हे. अर्धवट माहिती हातात असताना, घड्याळ समोर ठेवून, त्यांच्याच लोकांसमोर त्यांना निर्णय घ्यायला लावायचं. आणि ज्या गोष्टी त्यांना विचारायची गरज पडू नये, त्यांचे अधिकार आधीच खाली देऊन टाकायला लावायचे. लाइन बंद करायला शिफ्ट इन्चार्जला कुणाची परवानगी लागू नये, हे एमडींनी स्वतःच्या सहीने लिहून द्यायला हवं. तुमच्याकडे साहेब बसतात का ड्रिलला?

---

शेवाबंदर

फार मनापासून लिहिलंय दादा. मी बंदराच्या बाजूचा, आयटीत आहे.

२७ जून २०१७ चा दिवस न्हावाशेव्याला काम करणाऱ्यांना आठवत असेल. नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्यात मर्स्क ही जगातली मोठी जहाज कंपनी आडवी झाली आणि त्यांच्या गटातलं आमच्याकडचं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर यार्डात आहे, पण कुठल्या रांगेत आणि कुणाचा, ते सांगणारी सिस्टिम बंद. ट्रेलर बाहेर उभे. हल्ला मुळात युक्रेनला उद्देशून होता, उरणच्या ड्रायव्हरचा त्याच्याशी काय संबंध? पण दिवस बुडाला त्याचाच.

पुढे त्या कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. त्यातही एक नशिबाचा भाग आहे. त्यांचं सगळं जाळं ज्या डोमेन कंट्रोलरवर (कुणाला कुठे प्रवेश आहे ते ठरवणाऱ्या सर्व्हरवर) चालायचं, त्याच्या सगळ्या प्रती एकाच वेळी गेल्या. वाचली ती घानाच्या कार्यालयातली एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेलेली होती! बॅकअप होतेच, पण सगळ्या प्रती एकदम जातील हा प्रश्न वरच्या बैठकीत कुणी विचारला नसावा.

आमच्याकडे (कंपनीचं नाव नको) गेल्या वर्षी सरावात मी संचालकांना पहिलाच प्रश्न केला: 'सगळ्या फाइल लॉक झाल्यात. आराखडा काढा.' एक जण म्हणाले, शेअर्ड ड्राइव्हवर आहे. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि खोलीत शांतता पसरली. आता तेरा पानं छापून प्रत्येकाच्या घरी ठेवली आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. 'कळवायचं की थांबायचं' यावर संचालकांचा वाद चार तास चालू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो वाद सरावातच होऊन गेलेला बरा.

---

शिरोलीकर

सगळं पटलं, पण एक विचारतो, राग मानू नका. आमची फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना. चाळीस माणसं. एमडी मी, एचआर मी, पर्चेसही मीच. कन्सल्टंट बोलवायचा तर त्याच्या एका दिवसाच्या फीत माझा एका माणसाचा महिन्याचा पगार निघतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं, हायवे बंद पडला, २०२१ ला परत तेच. माल पुण्याला जायचा होता, गाड्या अडकल्या, ग्राहकाची लाइन थांबायची वेळ आली. तेव्हा आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, निभावलंच की. हे प्रशिक्षण मोठ्या कंपन्यांचं काम आहे असं मला वाटतं.

---

उजवी सीट

निवृत्त वैमानिक आहे. कंपन्यांचं मला कळत नाही, पण 'साहेबांना विचारावं लागेल' वाचून राहवलं नाही.

२७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. केएलएमचं जंबो धावपट्टीच्या टोकाला, आणि त्याच धावपट्टीवर समोरून येणारं पॅन अॅमचं जंबो. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने रेडिओवरचं बोलणं ऐकून विचारलं, ते पॅन अॅम अजून बाहेर पडलेलं नाही ना? कॅप्टनने ठामपणे सांगितलं, पडलंय. इंजिनिअर गप्प बसला. ५८३ माणसं गेली. तो कॅप्टन नवशिका नव्हता. त्या विमानकंपनीत ७४७ शिकवणाऱ्यांचा तो प्रमुख होता. आणि नेमका म्हणूनच दुसऱ्यांदा विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

पुढच्याच वर्षी पोर्टलंडजवळ युनायटेडचं एक विमान चाकांचा दोष शोधता शोधता इंधन संपून पडलं. इंधनाबद्दल हाताखालच्यांनी सुचवलं होतं, पण अडखळत. १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली आणि तिथून आज ज्याला सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणतात ते प्रशिक्षण निघालं. आम्हाला सिम्युलेटरमध्ये दोन्ही बाजूंनी शिकवलं जायचं. को-पायलटने कसं बोलायचं ते आलंच, पण कॅप्टनने कसं ऐकायचं हेही. दुसरा भाग अवघड होता. माझ्या चेकमध्ये एकदा को-पायलटला मुद्दाम चुकीची उंची सेट करायला सांगितलं होतं आणि एकदा मला. चूक दाखवल्यावर मी 'थँक यू' म्हटलं की नाही, याचेही मार्क होते.

आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला 'साहेब, तुमचं चुकतंय' म्हणणं जड जातं. ते संस्कार वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पण कॉकपिटमध्ये त्यावर तालीम करूनच मात करावी लागली.

---

बातमीदारीण

माझ्या वाट्याला संकटाची दुसरी बाजू येते, गेटबाहेरची. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला तेव्हाही आणि २३ मे २०२४ ला झाला तेव्हाही, बाहेर उभ्या असलेल्या बायकांचा एकच प्रश्न होता: 'आमचा माणूस आत आहे की रुग्णालयात?' याचं उत्तर देणारा माणूस किती कंपन्यांनी आधी नेमलेला असतो? ते कुणाच्याच कामाच्या वर्णनात नसतं. वरिष्ठांना मुलाखतीचं प्रशिक्षण मिळतं, टाय कसा बांधायचा आणि कॅमेऱ्यात कुठे बघायचं याचंसुद्धा. नातेवाइकांशी कसं बोलायचं, याचं कुणी देत नाही.

चांगलं उदाहरण द्यायचं तर २००३ चं कॅडबरीचं देते. ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आणि राज्याच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) कारवाई केली. सुरुवातीला कंपनीचा सूर 'दुकानदार नीट साठवत नाहीत' असा होता. तो लोकांना रुचला नाही. मग मात्र त्यांनी 'प्रोजेक्ट विश्वास' काढून दुकानदारांपर्यंत माणसं पाठवली आणि २००४ च्या सुरुवातीला जाड, नीट सील होणारं वेष्टन आणलं. अमिताभ बच्चन यांची जाहिरात सगळ्यांना आठवते, पण माझ्या मते काम केलं ते वेष्टनाने.

मॅगीचं २०१५ चं वेगळं. जूनमध्ये बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, नोव्हेंबरात माल परत दुकानात. म्हणजे कायद्याने बाजू टिकली. पण पहिले काही दिवस कंपनी प्रयोगशाळेच्या भाषेत बोलत होती आणि समोर होत्या काळजीतल्या आया. तेवढ्या दिवसांत व्हायचं ते नुकसान होऊन गेलं.

धागाकर्ते, तुमच्या सरावात एक चिठ्ठी गेटवरच्या बाईची ठेवा अशी विनंती.

---

पाताळगंगाकाठ

बातमीदारीण ताई, ठेवतो. पुढच्या सरावापासून नक्की. हे मला सुचायला हवं होतं.

शिरोलीकर दादा, राग कसला? तुम्ही निभावलंत ते खरं, पण २०१९ ला काय केलं ते कुठे लिहून ठेवलंत का? २०२१ ला ते कुणी काढून वाचलं का? कन्सल्टंट नको. एक शनिवार दुपार, दोन तास, सहा माणसं. त्यात मेंटेनन्सचा एक, गेटवरचा एक आणि सर्वांत नवीन ऑपरेटर हवाच. तुमच्याच कारखान्यात होऊ शकेल अशी एक गोष्ट घ्या, चार चिठ्ठ्या लिहा. दर चिठ्ठीत परिस्थिती थोडी बिघडवा. एका मुलाला फक्त वेळ आणि काय ठरलं ते लिहायला बसवा. आणि एक नियम पाळा: पहिली वीस मिनिटं मालकाने बोलायचं नाही. हा नियम मी उजवी सीट काकांसारख्याच एका माणसाकडून शिकलो.

साहेब स्वतः बसले तर काय होतं, याचं मला सर्वांत भिडलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या मॉर्गन स्टॅनली या गुंतवणूक कंपनीचे सुरक्षा प्रमुख रिक रेस्कोर्ला. १९९३ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली बॉम्ब फुटल्यानंतर ते दर तीन महिन्यांनी सगळ्यांना जिन्याने उतरवायचे. मोठ्या पगाराचे दलाल फोन ठेवून उठायला कुरकुर करायचे, तरी कुणाला सूट नसायची. २००१ च्या ११ सप्टेंबरला शेजारच्या टॉवरवर विमान आदळलं, तेव्हा यांच्या टॉवरमध्ये 'जागेवर थांबा' अशी घोषणा झाली. त्यांनी ती मानली नाही, माणसं काढायला सुरुवात केली. तिथले जवळपास २,७०० कर्मचारी, बहुतेक सगळे, वाचले. रेस्कोर्ला राहिलेल्यांना शोधायला वर गेले, ते परतले नाहीत. 'थांबा' ही घोषणा झुगारायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही, इकडे लक्ष द्या.

---

लॉबी मॅनेजर

मुंबईतल्या एका हॉटेलात आहे (ताजमध्ये नाही). २६/११ नंतर आमच्याकडे प्रत्येक नव्या बॅचला ताजच्या कर्मचाऱ्यांबद्दल सांगतात. तिथे ३१ जण गेले, त्यात ११ कर्मचारी होते, पाहुण्यांना बाहेर काढताना गेलेले. जनरल मॅनेजर करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं वरच्या मजल्यावर अडकली आणि दगावली, तरी ते कामावरून हलले नाहीत. अशा हल्ल्याचं प्रशिक्षण कुणालाच नव्हतं. पण पाहुण्यासाठी वरिष्ठांना न विचारता निर्णय घ्यायची सवय रोजच्या कामात लागलेली होती. वेटरने, किचनमधल्या माणसाने स्वतः ठरवून पाहुण्यांना वाट दाखवली.

म्हणून मला वाटतं, वर्षातून दोन ड्रिल घेऊन भागत नाही. मंगळवारी दुपारी एका साध्या तक्रारीवर ज्याला स्वतः निर्णय घेऊ दिला जात नाही, तो आगीच्या रात्री एकदम कसा घेईल?

---

माजी सत्यमकर

इथे एक कडू प्रश्न राहतोय. संकट साहेबांनीच आणलं असेल तर? ७ जानेवारी २००९ ला सकाळी सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं पत्र आलं तेव्हा मी तिथेच हैदराबादला बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टची वाट बघत, होतो. ताळेबंदातले हजारो कोटी मुळात नव्हतेच, हे कंपनीचा अध्यक्ष लिहून सांगतोय. दुपारी कॅन्टीनमध्ये कुणी बोलत नव्हतं. घराचा हप्ता होता, बायको सातव्या महिन्यात.

तेव्हा वाचवलं ते बाहेरून आलेल्यांनी. सरकारने संचालक मंडळ बदललं, दीपक पारेख, किरण कर्णिक यांसारखी माणसं बसवली. त्यांनी आधी पगार आणि ग्राहक सांभाळले. एप्रिलमध्ये टेक महिंद्रा आली. जुन्या मंडळातही नावाजलेली मंडळी होती, पण अध्यक्षांना अडचणीचा प्रश्न विचारायची त्यांना सवयच नव्हती. तेव्हा प्रशिक्षण फक्त एमडींना नको. स्वतंत्र संचालकांनाही बसवा, आणि एक चिठ्ठी अशी ठेवा की ज्यात एमडींवरच संशय आहे. बघा कोण तोंड उघडतं.

---

पाताळगंगाकाठ

सत्यमकर, तुमचा मुद्दा मान्य आहे आणि माझ्याकडे त्याचं पुरेसं उत्तर नाही. मला बोलावतात एमडी, फी देतात एमडी. त्यांच्यावरच संशय असलेली चिठ्ठी मी आजवर एकदाच काढली, आणि त्या कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. तरी ती काढायला हवी. स्वतंत्र संचालकांनी स्वतः पुढाकार घेऊन असा सराव मागितला तर मी बिनाफी येईन, हे इथे लिहून ठेवतो.

---

शिरोलीकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. केलं तुम्ही सांगितलं तसं, गेल्या शनिवारी. चिठ्ठी मीच लिहिली: 'संध्याकाळचे सात. भट्टीत मेटल वितळलेलं. लाइट गेली. जनरेटर सुरू होत नाही.' इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, मेटल आत असताना तिच्या कॉइलला थंड ठेवणारं पाणी थांबलं की कॉइल जळून स्फोटही होऊ शकतो. त्यासाठी आमच्याकडे वर टाकी आहे, व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपोआप खाली येतं. मी निर्धास्त होतो.

पहिली वीस मिनिटं तोंड मिटून बसलो. फार जड गेलं. लाइट गेल्यावर व्हॉल्व्ह कोण उघडणार, यावर पाच जण एकमेकांकडे बघत राहिले. तो फक्त मेंटेनन्सच्या सदूभाऊंना माहीत, आणि सदूभाऊ दर शनिवारी चारच्या गाडीने निपाणीला घरी जातात. भट्टी शनिवारी रात्रीपर्यंत चालते.

मग आमचा सर्वांत नवा पोरगा, आयटीआयचा, हळूच म्हणाला, 'सर, तो व्हॉल्व्ह गंजलाय, हाताने फिरत नाही. मी दिवाळीत सुपरवायझरना सांगितलं होतं.'

सगळे तसेच उठलो आणि वर गेलो. खरंच फिरला नाही. दोघांनी पाइप लावून जोर केला तेव्हा हलला. रविवारी बंद ठेवून नवीन बसवला, खाली लाल रंगाने बाण काढला, आणि दर शनिवारी दुपारी वेगळ्या माणसाने तो एकदा उघडून बंद करायचा असं ठरवलंय. येत्या शनिवारी माझी पाळी आहे.